तुम्ही विचारलंत म्हणून: मी जुन्या कपड्याचे साल का सांगत नाही

मी जुने कपडे का जमवते, ते कुठे ठेवते आणि कसर लागू नये म्हणून काय करते, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही. ज्याचे उत्तर मी आजवर धड दिलेले नाही तो प्रश्न वेगळा आहे. घरातली पैठणी, आजोबांची बाराबंदी किंवा पणजीच्या पेटीत सापडलेली कुंची तुम्ही माझ्यासमोर ठेवता आणि विचारता, ‘ही कोणत्या सालची?’ मी म्हणते, ‘१८७० नंतरची, बहुधा १९२० च्या आतली.’ तुमचा चेहरा पडतो. पन्नास वर्षांचा पल्ला हे काय उत्तर झाले, असे तुम्ही म्हणत नाही, पण मला ते कळते. मागाहून कानावर येते की बाई जाणकार म्हणवतात, पण सालाचे विचारले की हात राखून बोलतात. काहींनी तोंडावरच विचारले आहे, ‘एक आकडा सांगायला तुमचं काय जातं?’

काय जाते, ते आज एकदाच सविस्तर लिहिते.

कपड्यातून जे निश्चित कळते ते बहुतेक वेळा एवढेच, की तो अमुक सालाच्या आधीचा असू शकत नाही. विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने १८५६ साली दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रव्यांपासून जांभळा रंग तयार केला. १८५९ साली फ्रान्समध्ये आपण ज्याला राणी रंग म्हणतो तो निघाला, दहा वर्षांनी मंजिष्ठेतला लाल प्रयोगशाळेत तयार होऊ लागला, आणि १८९७ साली जर्मन कारखान्यातली कृत्रिम नीळ बाजारात आली. हे रंग येईपर्यंत, म्हणजे १८५६ च्या आधी, आपल्या रंगाऱ्याचे सगळे काम मंजिष्ठ, आल, लाख, कुसुंबा, हळद आणि शेतातली नीळ यांवर चालत होते. तेव्हा एखाद्या वस्त्रात डांबरी रंग सापडला, की त्याच्या वयाला एका बाजूने हद्द पडते, पण दुसरी बाजू मोकळीच राहते, कारण तोच रंग १८६५ मध्ये वापरला गेला असेल आणि १९३० मध्येही. शिवणयंत्राच्या दुहेरी दोऱ्याच्या टाक्याचे तेच, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विकल्या जाऊ लागलेल्या कृत्रिम रेशमाचेही तेच. अंगरख्याच्या अस्तरात कधीकधी गिरणीच्या थानाचा छाप शिल्लक राहिलेला असतो. १८८९ च्या मालचिन्हांच्या कायद्याने थानाची लांबी किती वार आहे हे इंग्रजी आकड्यांत त्यावर छापणे बंधनकारक झाले, म्हणून तसा आकडा दिसला की मला जरा हायसे वाटते. पण थान दुकानात पडून राहते, शिंपी उरलेले कापड वर्षानुवर्षे जपतो, आणि आपल्याकडे कोणी कापड टाकून देत नसे.

हा शेवटचा मुद्दा तर माझी खरी डोकेदुखी आहे. माझ्याकडे एक कुंची आहे. तिचे कापड म्हणजे एका जुन्या पैठणीचा पदर आहे, बहुधा लाखेच्या लालात आणि निळीत रंगवलेला. तो कापून कुंची शिवली ती यंत्रावर, म्हणजे पदर विणणाऱ्याला ठाऊक नसलेल्या टाक्याने. कपाळावरच्या काठाला नंतर कोणीतरी नायलॉनची लेस लावली, जी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आपल्या कोणत्याही बाजारात मिळाली नसती. आता या कुंचीचे साल सांगा. विणणाऱ्याचे सांगू, शिवणाऱ्या बाईचे सांगू, की लेस लावणाऱ्या आत्याचे? नऊवारी फाडून पाचवारी झाली, पाचवारीचे परकर-पोलके झाले, उरलेल्याची गोधडी झाली. प्रत्येक पायरीला नवी तारीख पडली आणि तुम्हाला मात्र एकच हवी.

मग कोणीतरी सुचवते, ‘कार्बन डेटिंग करून घ्या ना.’ इथे माझा संयम सुटतो. त्यासाठी वस्त्राचा तुकडा कापून द्यावा लागतो हे एक. दुसरे असे, की साधारण सतराव्या शतकाच्या मध्यापासून पुढे हवेतल्या कार्बनच्या चढउतारांमुळे त्या पद्धतीचे उत्तर इतके पसरट येते, की शिवकाल आणि इंग्रजी अमदानी एकाच पट्ट्यात बसू शकतात. माझा पन्नास वर्षांचा पल्ला त्यापुढे कंजूष ठरेल. चलनी नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मी वापरते, कारण नव्या काळातला पांढरा दोरा तिच्याखाली निळसर चमकतो. पण परवा एका घरी अख्खी चोळीच चमकली. मला दाखवायची म्हणून काकूंनी ती आदल्या दिवशी साबणाच्या पावडरीत धुतली होती. (जुने कापड कोणाला दाखवण्याआधी धुऊ नका, इस्त्री करू नका. हे मी सांगून थकले आहे.)

हद्दीची दुसरी बाजू कपड्यात क्वचितच असते. ती कागदात असते. लग्नखर्चाच्या मोडीतल्या यादीत ‘शके १८१५, पैठणी नग १’ अशी नोंद निघाली आणि रंग व काठ जुळले, तर ते वस्त्र १८९३-९४ नंतरचे नाही असे मी छातीठोकपणे सांगेन. तारखेसह फोटो असेल तरी चालेल. पण तुम्ही कपडा आणता आणि वह्या रद्दीत देता.

आता त्या पैठणीकडे येते, कारण तुम्हाला जे आढेवेढे वाटतात त्यांचे मूळ तिथे आहे. गाव आणि घर सांगत नाही. त्या घरात अशी समजूत होती, की पेशव्यांच्या वाड्यातून त्यांच्या एका पूर्वज स्त्रीच्या ओटीत ती घातली गेली. घरच्या आजींनी ती स्वतः आणून चौरंगावर ठेवली, आधी हळदकुंकू वाहिले आणि मग मला हात लावू दिला. शेजारी मुलगा आणि सून बसले होते. अंग गर्द जांभळट काळे, काठ नारळी, पदरावर असावली, म्हणजे फुलांची वेल. पदर उलटा केला तरी सुलटाच दिसावा असा, रंगारंगाच्या कांड्या एकमेकींत अडकवून विणलेला, मागे एक धागा लोंबत नव्हता. जर, म्हणजे विणीतली सोन्याचांदीची तार, अस्सल होती. चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर घट्ट गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा उडाला होता तिथे चांदी काळवंडलेली, तांब्याची लाली कुठेही नाही. मला ती हवी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचे सगळे त्यावरच अडले.

वेलीवरच्या फुलांत राणी रंग होता. घडीच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षे उजेड पोहोचला होता, तो मळकट फिका पडला होता आणि घडीच्या पोटात भडक राहिला होता. लाखेचा लाल असा उडत नाही. पदराच्या टोकाशी आपोआप सुटून आलेला एक धागा मी आजींना विचारून ओल्या टिपकागदात दाबला, तर जांभळट डाग उतरला. नंतरची डागडुजी म्हणावी तर तीही नव्हती, कारण तो धागा शेजारच्या हिरव्या धाग्यात ओळीओळीला अडकवलेला होता, म्हणजे मागावरच विणला गेला होता. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि हा रंग १८५९ साली जन्मला.

मी म्हणाले, ‘आजी, ही पेशवाईतली नाही.’ त्यानंतर मी हेही म्हणाले, की ही बहुधा १८७० ते १९१० मधली आहे, असे काम आणि अशी जर आता पाहायला मिळत नाही, माझ्यावर विश्वास नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली वस्त्रे पाहून या, पण हिला जपा. पहिल्या वाक्यानंतरचे कोणी ऐकले असेल असे मला वाटत नाही. आजी पैठणीकडे पाहत राहिल्या. सुनेने अगदी शांतपणे विचारले, ‘तुम्ही स्वतः जमवता ना हे?’ मी हो म्हणाले. ‘मग तुम्ही कमीच सांगणार.’

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. तिचे काय चुकले? जो घेणारा आहे तोच वय ठरवणार, आणि वयावर किंमत ठरणार, तर संशय येणे साहजिक आहे. तिच्या जागी मी असते तर मलाही आला असता. त्या क्षणी मी कितीही मोठी रक्कम बोलले असते, तरी तिचा अर्थ एवढाच झाला असता की खरी किंमत याहून जास्त आहे. म्हणून मी किंमत बोलले नाही. चहा घेतला, आजींच्या पाया पडले आणि निघाले.

काही महिन्यांनी त्या मुलाचा फोन आला, भलत्याच कामासाठी. बोलता बोलता मी पैठणीची चौकशी केली. ‘ती दिली,’ तो म्हणाला. ‘जुनी जर घेणारा दारावर आला होता. पेशव्यांची नाही म्हटल्यावर घरात कुणाला तिचं काही राहिलं नव्हतं.’ जर घेणारे काय करतात, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. ते वस्त्र जाळतात. रेशीम जळून जाते, मागे चांदी राहते, ती गोळा करून वितळवतात आणि वजनावर विकतात. म्हणजे त्या पैठणीची जर खोटी असती, तर ती वाचली असती. खरी होती म्हणून गेली. आजींना काय वाटले हे मी विचारले नाही. तो काही रागाने बोलत नव्हता, आणि त्याने रागाने बोलावे अशी माझी इच्छा होती.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, ‘असेल पेशवाईतली’ म्हणून मोकळे व्हायचे होतेस. मी त्यांच्याशी पुष्कळ भांडले आहे. जुन्या कपड्याचे वय आम्ही ज्याची तारीख पक्की आहे अशा दुसऱ्या कपड्याशी ताडून ठरवतो. १८६६ साली फोर्ब्स वॉटसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून प्रसिद्ध केले. ते नमुने त्यानंतरचे नाहीत हे नक्की, म्हणून त्यांचा आधार घेता येतो. असे आधार मोजके आहेत. त्यांत मी जिभेवर साखर ठेवून एक खोटी पैठणी सरकवली असती, तर उद्या दुसऱ्या कोणी तिच्याशी ताडून आणखी चार पैठण्या पेशवाईत नेऊन बसवल्या असत्या.

हा युक्तिवाद तेव्हाच्या मला अगदी बिनतोड वाटत असे. आता तो करताना माझा आवाज उगाच चढतो, हे मलाच ऐकू येते. कारण खोट्या सालासह का होईना, ती पैठणी आज त्या घरच्या कपाटात असती, आणि वीस वर्षांनी कोणीतरी भिंग लावून साल दुरुस्त केले असते. साल दुरुस्त करता येते. पण मग वस्त्र वाचावे म्हणून मी घरोघरी ज्याला हवे ते साल वाटत फिरायचे का? तेव्हाची मी मला हेच विचारते, आणि मी तिला त्या सुनेचे वाक्य ऐकवते. आमचे मिटलेले नाही.

बदलले ते एवढेच, की मी आता आधी वस्त्राचे काम, सूत, जर यांविषयी बोलते आणि सालाकडे सर्वांत शेवटी येते. जे सांगते ते लिहून देते: कापड केव्हाचे, शिवण केव्हाची, डागडुजी केव्हाची, तिन्ही वेगळे. आणि ज्या घरी वय सांगितले त्या घरून काहीही विकत घेत नाही. यामुळे माझ्या हातून फार चांगल्या वस्तू गेल्या, त्यांतल्या काही दलालांच्या हाती गेल्या, आणि एका ओळखीच्या संग्राहकाने याला सोवळेपणाचे नाटक म्हटले, तेही सर्वस्वी खोटे नसेल. आणखी एक गोष्ट कबूल करते. कधीकधी माझी स्वतःची दहा-पंधरा वर्षांपर्यंत खात्री असते, तरी मी पन्नास वर्षांचा पल्ला सांगते. ते सगळे शास्त्र नसते. समोरच्या घरात काय घडेल याची धास्तीही त्यात असते. तेव्हा हात राखून बोलते हा तुमचा आरोप निम्मा मान्य.

मध्यंतरी एक बाई सासऱ्यांकडून आलेला अंगरखा घेऊन आल्या. हातशिवणीचा, कळ्याकळ्यांचा, सुरेख, आणि अस्तरात गिरणीच्या छापाचा अर्धवट आकडा. मी सगळे समजावून सांगितले आणि ‘बहुधा १८८९ ते १९१५’ असे लिहून दिले. त्यांनी कागद वाचला, नीट घडी केली आणि म्हणाल्या, ‘तुमचं पटलं मला. पण मुलांना मी पेशवाईच सांगणार.’ मी वाद घातला नाही. कागदाची आणखी एक प्रत काढून दिली, अंगरख्याबरोबर ठेवायला, आणि ती कापडाला टाचू नका, टाचणी गंजते, एवढे बजावले.