एमआरआय नॉर्मल आहे, मग सूज कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. शब्द बदलतात, रोख तोच: "रिपोर्ट तर सगळे नॉर्मल आलेत ना? मग मेंदूला सूज आहे असं कसं म्हणता?"

आधी कबुली देते. 'सूज' हा शब्द मीच पसरवला. माझ्या आजाराचं नाव क्रॉनिक फटिग सिंड्रोम, म्हणजे मराठीत सांगायचं तर थकवाच. आणि थकव्यावर ज्याच्या-त्याच्याकडे औषध तयार असतं: लवकर उठत जा, फिरायला जा, मन रमव. थकवा म्हटलं की समोरचा म्हणतो, "मलाही येतो हो." मेंदूला सूज म्हटलं की तोच माणूस उठून खुर्ची पुढे करतो. त्या खुर्चीसाठी मी तो शब्द दोन वर्षं वापरला.

पण शब्द चुकीचाच होता. सूज म्हणजे घोटा मुरगळल्यावर येते ती. कवटीच्या आत तशी सूज आली तर माणूस अतिदक्षता विभागात असतो, तुमच्याशी गप्पा मारत बसत नाही. माझ्या आजारात शंका घेतली जाते ती दाहाची (इंग्रजीत इन्फ्लमेशन), आणि तोही हलका, धुमसत राहणारा. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. पीओ देल रिओ होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून काढल्या. राखण आणि झाडलोट अशी दोन्ही कामं त्या करतात. संसर्गाची चाहूल लागली की त्यांचं रूप पालटतं आणि त्या सायटोकाइन नावाची रसायनं सोडू लागतात. साध्या एमआरआयला यातलं काही दिसत नाही. त्याला गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, डाग दिसतात. घराचा बाहेरून फोटो काढला तर भिंतीला गेलेला तडा कळेल, आत दोन माणसं आठवडाभर एकमेकांशी बोललेली नाहीत हे कसं कळणार?

दाहाचा आणि थकव्याचा संबंध काय, हे मात्र तुम्हाला स्वतःच्या अंगावरून कळेल. फ्लू आठवा. अंथरूण धरावंसं वाटतं, उजेड नको, बोलणं नको, अन्नावरची वासना उडते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. हे सगळं विषाणू करत नाही, तुमचा मेंदू करतो. शरीरातली सायटोकाइन रक्तातून आणि व्हेगस या मज्जातंतूमार्फत मेंदूला खबर देतात, आणि मेंदू हुकूम सोडतो की पड आता. शक्ती लढाईसाठी राखायची म्हणून. प्राण्यांतही हेच दिसतं. लढाई संपली की हुकूम मागे घेतला जातो. आमच्यापैकी अनेकांचा आजार कुठल्या तरी संसर्गानंतर सुरू झालेला असतो, माझाही तसाच. त्यामुळे संशोधकांचा एक तर्क असा की संसर्ग ओसरला, पण मायक्रोग्लिया शांत झाल्याच नाहीत आणि हुकूम तसाच चालू राहिला.

मला हा तर्क पटतो, कारण तो माझ्या दिवसाशी जुळतो. मंगळवारी डोक्यावरून अंघोळ केली, पाठोपाठ वीस मिनिटं फोनवर बोलले. मंगळवार बरा गेला. गुरुवारी सकाळी घसा दुखतोय, मानेतल्या गाठी हुळहुळ्या झाल्यात, पुस्तकातली एकच ओळ चौथ्यांदा वाचतेय. घरच्यांना 'कात्री' म्हणायचं होतं. हाताची दोन बोटं उघडमीट करत राहिले, शब्द आला नाही. थर्मामीटरवर ताप नाही. ताप सोडून तापाचं बाकी सगळं आहे. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी अशी घसरण होणं ही या आजाराची खास खूण. नुसत्या दमण्याला ती नसते.

पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूचा पेट (PET) स्कॅन करून पाहिला. किरणोत्सारी कार्बन जोडलेलं एक द्रव्य शिरेतून देतात, ते खवळलेल्या मायक्रोग्लियांवर जास्त चिकटतं. (या कार्बनचं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटं. म्हणजे तो जवळच तयार करायचा आणि लगेच वापरायचा. मला वाचूनच धाप लागली.) थॅलॅमस, हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला, मध्यमेंदू अशा बऱ्याच भागांत रुग्णांमध्ये ते जास्त आढळलं, आणि काही भागांत ते जितकं जास्त तितकी विचारशक्तीची तक्रारही जास्त. ते वाचलं त्या रात्री मी रडले. मग रुग्णांचा आकडा पाहिला: ९. निरोगी माणसं १०.

पुढे नेदरलँड्समध्ये तेच द्रव्य वापरून जवळपास तेवढ्याच रुग्णांवर स्कॅन झाले. फरक सापडला नाही. शिवाय ते द्रव्य ज्या प्रथिनाला चिकटतं ते मेंदूतल्या इतर पेशींतही असतं, त्यामुळे स्कॅन उजळला म्हणजे दाहच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अमेरिकेत वेगळ्या पद्धतीने पाहिलं तेव्हा रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत लॅक्टेट नावाचं रसायन आणि तापमान वाढलेलं दिसलं, जे दाहाशी जुळतं. तो अभ्यासही लहानच, १५ रुग्णांचा.

गंमत अशी की आजाराच्या जुन्या नावात हा निकाल आधीच लावून टाकलाय. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये साथ आली, मुख्यतः तिथल्या कर्मचाऱ्यांत, आणि त्यानंतर मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे नाव रूढ झालं. त्याचा सरळ अर्थ स्नायूदुखीसह मेंदू आणि मज्जारज्जूचा दाह. पुरावा हाती नव्हता, नाव मात्र दिलं. १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी उलट टोक गाठलं: रुग्णांना न तपासता, जुनी कागदपत्रं चाळून, हा सामूहिक उन्माद होता असं लिहिलं. त्यांच्या मुद्द्यांत एक असा की रुग्णांत बायका जास्त. यावर मी काही बोलत नाही, घसरण व्हायची.

म्हणून हल्ली मी 'सूज' म्हणत नाही. "मेंदूत दाह असावा अशी शंका आहे, तपास चालू आहे," एवढंच म्हणते. खुर्ची थोडी उशिरा मिळते.

यापुढचा तुमचा प्रश्नही मला पाठ आहे: मग दाह कमी करणारी गोळी का घेत नाही? दुखण्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी डोकं दुखायचं थांबतं, बाकी जिथल्या तिथे. नाल्ट्रेक्सोन हे औषध अगदी कमी मात्रेत दिलं तर मायक्रोग्लिया शमतात, असा कयास आहे. काही डॉक्टर ते देतात, काही रुग्णांना बरं वाटतं, पण या आजारावर सगळीकडे मान्य झालेलं औषध अजून एकही नाही. मी घेते का, हे माझ्यात आणि माझ्या डॉक्टरांत राहू दे. बाकी उपाय म्हणजे अंगातली शक्ती मोजून-मापून खर्च करणं. अंघोळीच्या दिवशी फोन नाही. हे उत्तर पाच दिवसांत लिहिलंय, आणि मधल्या दोन दिवसांत एक ओळही नाही.