आमची वाटचाल: भट्टी, फुटाणे आणि आडवी बाटली

फुटाणे आणि खाऱ्या दाण्यांची आमची भट्टी सासऱ्यांनी सुरू केली. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव बाजाराचं. एसटी स्टँडच्या मागे भट्टी, पुढे दुकान. हरभरे ओलवून ठेवायचे, पहाटे कढईतली वाळू तापली की थोडे थोडे टाकून झाऱ्याने हलवायचे आणि फुटले की लगेच चाळून घ्यायचे. खाऱ्या दाण्यांना घाई चालत नाही. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर ते नीट सुकले नाहीत तर चिवट होतात आणि माल परत येतो.

आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं स्टँडजवळचं देशी दारूचं दुकान. पाच-पाच रुपयांच्या पुड्या रोज जायच्या आणि पैसे रोख यायचे. किराणावाले महिना-महिना थांबवतात, दारूच्या दुकानात एक रुपया कधी अडकला नाही. पुड्या सील करायचं मशीन त्याच पैशातून आलं.

मग बचत गटात आडवी बाटलीचा, म्हणजे बायकांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याचा विषय निघाला. आमच्याकडे पुड्या भरायला येणारी बाई मला म्हणाली, "वैनी, दिवसभर मी ह्या पुड्या भरते, आन् सांजच्याला ह्याच पुडीसंगं ह्यांची मजुरी दारूत जाते." त्यानंतर मला धंद्याचा हिशोब मांडत बसवेना. अर्जावर सही केली. मिस्टर म्हणाले, "तू सही कर, भट्टीचं बघू आपण."

२००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोनच चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण नुसतं जास्त मतं पडून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यावं लागतं. घरी बसलेली बाई आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूची ठरते. यादीत लग्न होऊन गेलेल्या लेकी, मुंबईला राहणाऱ्या जावा, वारलेल्या म्हाताऱ्यासुद्धा होत्या. म्हणून आम्ही यादी घेऊन घरोघर फिरलो, सासरी गेलेल्या मुलींना फोन केले. मतदानाला मुंबईहून गाडी भरून बायका आल्या, आणि बाटली आडवी झाली.

दुकानाला सील लागलं आणि आमची विक्री जवळपास निम्म्यावर आली. भट्टी एक दिवसाआड पेटायला लागली. शेजारी उकडलेल्या अंड्यांची गाडी लावणाऱ्या काकूंचा तर धंदाच बसला. त्यांनी उभ्या बाटलीला मत दिलं होतं, आणि ते त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या घरात दुसरी कमाई नव्हती. अशा मतदानाची तयारी करताना, ज्यांचं पोट त्या दुकानाच्या दारात आहे त्यांची सोय काय, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा असं मला ठामपणे वाटतं. तो आमच्याकडे आला नाही.

चोरून विक्रीही झाली. पण बायकांनी पहारा सोडला नाही, चार वेळा पोलीस ठाण्यात जाऊन बसल्या. चंद्रपूर जिल्ह्यात सरकारने २०१५ मध्ये दारूबंदी केली आणि २०२१ मध्ये उठवली. पण आमच्या गावात दुकान बायकांनी स्वतः मत देऊन बंद केलंय, म्हणून त्यावर त्यांचा डोळाही आहे.

धंदा सावरायला वर्ष गेलं. एका किराणावाल्यांनी सांगितलं की बऱ्याच घरांची उधारी आता वेळेवर येते, तेल-साखर पुडीऐवजी किलोने जाते. त्यांच्याकडेच आम्ही फुटाणे, चुरमुरे, दाण्याचे लाडू ठेवायला लागलो. नफा पहिल्याएवढा अजून नाही. कऱ्हाडच्या दोन दुकानांत माल जातो, यात्रांच्या हंगामात भट्टी दिवसभर चालते. पुड्या भरणारी बाई आता भाजणीही सांभाळते, तिला रोजऐवजी महिन्याचा पगार आहे.

अंड्यांच्या काकूंना स्टँडच्या आवारात गाडीसाठी जागा मिळावी म्हणून आम्ही दुकानदारांनी सह्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे. ग्रामपंचायतीने एसटीच्या डेपोला पत्र पाठवायचं कबूल केलंय.