फुलीपुढे कारण लिहायला जागा नसते

२ मे २०२५ च्या सकाळी, इंग्लंडमधल्या केंट काउंटी कौन्सिलच्या (आपल्या जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था) मतमोजणीच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी सहाचा आकडा होता. रंकॉर्न अँड हेल्सबी या संसदेच्या जागेच्या पोटनिवडणुकीत रात्रभर मोजणी, मग फेरमोजणी होऊन पहाटे निकाल लागला होता. स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म यूके पक्षाला १२,६४५ मतं, सत्तेतल्या लेबरला १२,६३९. दहा महिन्यांपूर्वी हीच जागा लेबरने १४,६९६ मतांनी घेतली होती. आमच्या टेबलावर जुनी, अनुभवी बाई होती. तिने सगळ्यांच्या हातात बोटांत घालायच्या रबरी टोप्या दिल्या आणि म्हणाली, "आज कागदाला कागद चिकटून जाता कामा नये."

मी केंटच्या उत्तर टोकाला, डार्टफर्डजवळ राहते. तेरा वर्षं झाली. पासपोर्ट अजून भारताचाच आहे, पण राष्ट्रकुलातल्या देशाचे नागरिक म्हणून इथे कायदेशीर राहणाऱ्या आपल्या लोकांना मत देता येतं, स्थानिक निवडणुकीतही आणि संसदेच्याही. कितीतरी मराठी घरांत हे माहीतच नसतं. हे वाचताय आणि नाव नोंदवलं नसेल तर आधी ते करा, पुढचं नंतर वाचा.

आदल्या दिवशी, गुरुवारी, मी मत देऊन आले होते. इतका उकाडा की नंतर बातम्यांत सांगितलं, नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा हा सगळ्यांत गरम १ मे, लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये २९.३ अंश. चर्चच्या हॉलमध्ये फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं (२०२३ पासून ते सक्तीचं झालंय), कागद घ्यायचा, आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते तिने फुली मारायची, घडी करून पेटीत टाकायचा. दोन मिनिटांचं काम. दाराबाहेर एक कुत्रा सावलीत मालकाची वाट बघत बसला होता.

शुक्रवारी मात्र त्याच कागदांचा ढीग समोर आला. मोजणीचं काम मी चौथ्यांदा करत होते आणि मला ते मनापासून आवडतं. पेटी उघडून टेबलावर उपडी करायची. आधी फक्त कागद मोजायचे, केंद्राने जितके दिले तितकेच पेटीतून निघाले का ते ताडून बघायचं. तेवढ्यात पट्टीपलीकडून पक्षांचे प्रतिनिधी मान लांब करून फुल्या टिपत असतात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. त्यांना कागदाला हात लावता येत नाही. त्यामुळे एखादी घडी उलगडत नसली की त्यांचा जीव वरखाली होतो, आणि तो आपल्याला दिसतो. त्यानंतर उमेदवारवार गठ्ठे.

शंकास्पद मतांचा ट्रे वेगळा. कुणी फुलीऐवजी बरोबरची खूण करतं, कुणी चौकटीत हसरा चेहरा काढतं. मत कुणाला द्यायचंय हे स्पष्ट असेल आणि मतदाराची ओळख पटत नसेल, तर ते मत धरतात. कुणी मात्र सगळ्या नावांवरून तिरप्या अक्षरात मनातलं लिहून टाकतं, खूण कुठेच नसते. ते बाद. कुठल्या कागदावर काय होतं हे मी सांगू शकत नाही, गुप्ततेचं बंधन आहे आणि ते मी पाळते. एवढंच म्हणते, की मनातलं शब्दांत मांडणारा कागद बाद होतो आणि एका शब्दानेही काही न सांगणारा मोजला जातो. त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही.

दुपारनंतर गठ्ठ्यांची उंचीच सांगायला लागली. निकाल जाहीर झाले, टाळ्या झाल्या. इथे गुलाल नाही, ढोल नाही. हरलेले एक वयस्कर कौन्सिलर सही-शिक्का होईपर्यंत थांबले, कोटावरचं पक्षाचं फूल काढून खिशात ठेवलं, आणि मग प्रत्येक टेबलाशी येऊन आम्हा मोजणाऱ्यांचे आभार मानले. आमच्या टेबलाशी आले तेव्हा आवाज चिरकला होता. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या पक्षाचं धोरण मला पटत नाही, पण रस्त्यावरचा दिवा, लायब्ररीच्या वेळा, वृद्धांच्या घरी येणारी मदतनीस यांसाठी माणसं त्यांनाच फोन करायची. केंटची काउंटी कौन्सिल १९९७ पासून कन्झर्व्हेटिव्हांकडे होती. त्या संध्याकाळी ८१ पैकी ५ जागा त्यांच्याकडे उरल्या आणि रिफॉर्मकडे ५७ गेल्या. पहिला आला तो जिंकला, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे निम्म्याहून बरीच कमी मतं मिळूनही इतक्या जागा पदरात पडतात.

घरी येऊन टीव्ही लावला. मोजताना जे कागद गप्प होते, ते इथे एकदम बोलायला लागले होते. पंतप्रधान स्टार्मर म्हणत होते, लोकांचं म्हणणं कळलं, आता आणखी पुढे आणि आणखी वेगाने जायचं. म्हणजे दिशा तीच, फक्त गती वाढवायची. कन्झर्व्हेटिव्हांच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी निकाल अवघड जाणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, कारण गेल्या वेळच्या जागा २०२१ मध्ये लसीकरणाच्या लाटेवर आल्या होत्या. नंतर त्यांनी हरलेल्या कौन्सिलरांची माफी मागितली, ते मला योग्य वाटलं. ६७७ जागा आणि दहा कौन्सिलं मिळवलेल्या रिफॉर्मचे नेते फराज यांच्या मते दोन पक्षांचं राज्य संपलं. लिबरल डेमोक्रॅट ३७० जागा घेऊन कन्झर्व्हेटिव्हांच्याही पुढे गेले, त्यांना हा आपल्या गल्लोगल्लीच्या कामाचा कौल वाटला. शिवाय बीबीसीचा अंदाज होताच, सगळ्या देशाने मत दिलं असतं तर कुणाला किती टक्के : रिफॉर्म ३०, लेबर २०, लिबरल डेमोक्रॅट १७, कन्झर्व्हेटिव्ह १५, ग्रीन ११. खड्डे, कचरा आणि वृद्धांची देखभाल यांसाठी घेतलेल्या मतदानाची संध्याकाळपर्यंत वेस्टमिन्स्टरची, म्हणजे संसदेतल्या राजकारणाची, परीक्षा होऊन जाते, आणि ती तशी व्हावी हे पक्षांनाही हवंच असतं.

हे आजचं नाही. आमच्या टेबलावरच्या बाईंना १९९० ची मे आठवते. पोल टॅक्सवर, म्हणजे माणशी आकारलेल्या स्थानिक करावर, देश चिडलेला, कन्झर्व्हेटिव्हांनी ठिकठिकाणी मार खाल्ला, पण लंडनमधली वॉन्ड्सवर्थ आणि वेस्टमिन्स्टर ही दोन कौन्सिलं राखली. पक्षाध्यक्ष केनेथ बेकर यांनी ती दोन नावं इतकी पुढे केली की बातमी तीच झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान थॅचर पायउतार झाल्या. मतदारांचं म्हणणं दोन नावांखाली झाकलं गेलं, पण ते संपलं नव्हतं.

आता माझ्या शेजाऱ्यांबद्दल लिहिते. सत्तरी ओलांडलेले निवृत्त बसचालक आहेत. जन्मभर कन्झर्व्हेटिव्हांना मत दिलं, या वेळी रिफॉर्मला. शनिवारी कुंपणापाशी त्यांनी स्वतःहून सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला, कारण आदल्या रात्री टीव्हीवर प्रत्येक जण म्हणत होता की हे मत स्थलांतरितांच्या विरोधात आहे, आणि ती स्थलांतरित म्हणजे मीच की. मी सरळ विचारलं, "का?"

त्यांनी वेळ घेतला. आधी हिवाळ्याच्या इंधनाच्या पैशांचं बोलले. लेबरने २०२४ मध्ये बहुतेक पेन्शनरांचा तो भत्ता बंद केला. यांची पेन्शन मदतीच्या रेषेच्या थोडीशीच वर, म्हणून काही मिळालं नाही, आणि जानेवारीभर ते संध्याकाळी स्वयंपाकघरातच बसायचे, तिथलंच हीटिंग लावून. पुढे घरासमोरचा खड्डा निघाला, त्यात त्यांच्या बायकोचा पाय मुरगळला होता. मग म्हणाले, दोन्ही पक्षांना आळीपाळीने बघितलं. आणि शेवटी, माझ्याकडे न बघता, "हो, येणारी माणसंही जास्त झालीत. पण तुझ्याबद्दल नाही म्हणत मी."

ते शेवटचं वाक्य मला लागलं, अजूनही लागतं. पण बाकीची तीन कारणंही तितकीच खरी होती, आणि त्या चार कारणांची मिळून एकच फुली झाली होती. तिच्यातून ज्याला त्याला आपापल्या सोयीचं कारण ऐकू आलं. ज्या पक्षाने भत्ता काढला त्याचा उमेदवार आमच्याकडे तसाही निवडून येत नव्हता, आणि खड्डा ज्यांच्या अखत्यारीत होता त्यांनी भत्ता काढला नव्हता. शिक्षा दोघांना एकत्र झाली.

डॉनकास्टरच्या लेबरच्या महापौर रॉस जोन्स जेमतेम ६९८ मतांनी वाचल्या. निकाल लागताच त्यांनी स्वतःच्याच सरकारला उघड सुनावलं की इंधनभत्ता काढणं चूक होतं. तो आवाज मला सगळ्यांत खरा वाटला, कारण दारोदार जाऊन त्यांनी ते कानांनी ऐकलेलं होतं. २१ मेला स्टार्मर यांनी माघारीची भाषा सुरू केली, आणि ९ जूनला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या पेन्शनरांना भत्ता परत मिळणार हे जाहीर झालं. बातमी आली तेव्हा मी शेजाऱ्यांकडे चहाला होते. त्यांनी आवाज मोठा केला, पूर्ण ऐकलं, आणि बायकोला हाक मारून पुन्हा सांगितलं.

आणि खड्डा? त्याच सुमारास त्याभोवती पांढऱ्या रंगाचा चौकोन मारून गेले, म्हणजे दुरुस्तीच्या यादीत लागला. "बघ, नव्या लोकांनी लगेच केलं," शेजारी म्हणाले. त्या खड्ड्याची ऑनलाइन तक्रार मीच भरून दिली होती, मार्चमध्ये, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. ते हरलेले कौन्सिलर पाठपुरावा करतो म्हणाले होते, त्यांचा ईमेल अजून माझ्याकडे आहे. तो मी शेजाऱ्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, "त्या माणसाचा पत्ता आहे का तुझ्याकडे? दोन ओळी लिहीन म्हणतो."