पिंपलचं जेल लावताय आणि वॅक्स करताय? आधी पार्लरमध्ये सांगा – माझा अनुभव

गणपतीला चार दिवस राहिले होते, मुंबईहून सगळे यायचे, घराची साफसफाई, मखर, फराळ सगळं एकदम, त्यात मी धावतपळत अप्परलिप करायला एका पार्लरमध्ये गेले (इथे रत्नागिरीतच, नाव लिहीत नाही). एरवी मी दोराच करते, पण तिथली मुलगी म्हणाली वॅक्सने पटकन होईल, म्हटलं कर. पट्टी ओढल्यावर जी आग झाली ती नेहमीची नव्हती, आरशात बघितलं तर ओठाच्या वर डाव्या बाजूला साल निघालेली, लाल, ओलसर. आरतीला उभी राहिले तेव्हा खपली धरलेली आणि येणारं प्रत्येक माणूस विचारत होतं, अगो हे काय झालं तोंडाला?

याचं कारण स्किनच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. पिंपल्ससाठी तीन महिने रोज रात्री मी अ‍ॅडापलीन जेल लावत होते, त्यांनीच दिलेलं, आणि गुणही चांगला आलेला. हे रेटिनॉइड जातीचं (व्हिटॅमिन ए च्या कुटुंबातलं) औषध, त्याने त्वचेचा वरचा थर नाजूक होतो आणि वॅक्स तर केसाबरोबर तो वरचा थरही धरतं, मग सगळंच सोलून येतं. मला पार्लरमध्ये कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण पिंपलच्या जेलचा आणि वॅक्सचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. रेटिनॉल सीरम लावणाऱ्या मैत्रिणींनो, रेटिनॉलही त्याच जातीचं, तुमचंही तेच आहे बरं का.

डॉक्टरांनी जेल थांबवलं, नुसतं व्हॅसलीन लावायचं, खपली ओढायची नाही, आणि भरून आल्यावर रोज कमीत कमी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, नाहीतर डाग गडद होतो. काकू लिंबू चोळ म्हणून मागे लागलेली, ते अजिबात केलं नाही, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन उलट जास्त काळी पडते. डाग पूर्ण जायला दिवाळी उलटून गेली.

मधल्या काळात मावसबहिणीने एका ताईंकडे नेलं, मुंबईत बरीच वर्षं स्पामध्ये काम करून आता गावी आलेल्या. त्यांनी वॅक्सच्या डब्याला हात लावायच्या आधी मला बसवून विचारलं, चेहऱ्याला काय लावतेस, गोळ्या कुठल्या, शुगर आहे का, कशाची अ‍ॅलर्जी? जेल चालू असेपर्यंत चेहऱ्याला वॅक्स नाही म्हणाल्या, आणि कोणी पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत असेल तर गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्स करायचंच नाही.

पायांचं वेगळंच दुखणं होतं. मी दर दोन-तीन दिवसांनी रेझर फिरवायचे, त्यामुळे काळे ठिपके, पुटकुळ्या, केस आतल्या आत वळलेले. ताई म्हणाल्या रेझर ठेवून दे, केस तांदळाच्या दाण्याएवढे, पाच-सहा मिलिमीटर होऊ देत, त्याहून आखूड असले की वॅक्स धरत नाही, केस मधेच तुटतो आणि मग आत वाढतो. तीन आठवडे थांबले, ऑक्टोबरच्या त्या उकाड्यात पूर्ण लेगिंग्ज घालून, खरंच कठीण गेलं.

त्यांचं काम बघत राहावं असं. आमच्याकडची दमट हवा, घाम सुकत नाही, म्हणून आधी दहा मिनिटं पंख्याखाली बसवलं, पाय पुसले, पावडर लावली. घामावर वॅक्स बसत नाही, मग एकाच जागी दोन-तीनदा ओढावं लागतं आणि तिथेच त्वचा सोलते. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघितलं, किती गरम आहे ते. केसांच्या दिशेने लावायचं, त्वचा ताणून धरायची, उलट दिशेने ओढायचं आणि पट्टी वर न उचलता त्वचेला लागूनच सपकन मागे न्यायची. वॅक्स लावायची काडी एकदा अंगाला लागली की परत डब्यात बुडवली नाही, दर वेळी नवीन.

नंतर एक दिवस गरम पाणी नाही, घट्ट कपडे नाहीत, दोन दिवस भाट्याच्या समुद्रात उतरायचं नाही. तिसऱ्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा ओल्या मऊ कापडाने हलकं चोळायचं, पुटकुळी नखाने फोडायची नाही.

आठवड्यात बारीक केस परत दिसले तेव्हा मी रडवेली झाले, ताईंनी समजावलं की सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत, जे त्या दिवशी आत होते ते आता बाहेर आले, रेझर लावू नको, तीन-चार वेळा नियमित होऊ दे. आता तीन वेळा झालं, ठिपके बरेच कमी झालेत, नडगीवर थोडे आहेत. जेल डॉक्टरांना विचारून परत चालू केलंय. पुढचं वॅक्स शिमग्याच्या आधी, आणि ताईंच्या वहीत माझ्या नावापुढे लाल पेनाने लिहिलंय, चेहऱ्याला वॅक्स नाही.