न्यूयॉर्कचे वैमानिक झोपतात कुठे?

क्वीन्समधल्या आमच्या क्यू गार्डन्सला विमानवाली मंडळी चेष्टेने 'क्रू गार्डन्स' म्हणतात. जेएफके आणि लागार्डिया, दोन्ही विमानतळ जवळ. सबवे आहे, लाँग आयलंड रेलरोडचं स्टेशन आहे, आणि जुन्या विटांच्या इमारतींत बऱ्यापैकी मोठे फ्लॅट आहेत. यातले कित्येक फ्लॅट 'क्रॅशपॅड' म्हणून चालतात. वैमानिकांच्या तोंडी हे नाव पहिल्यांदा ऐकताना जरा दचकायला होतं, पण अर्थ साधा आहे: घर दुसऱ्या राज्यात आणि नोकरी इथल्या विमानतळावर असलेल्यांनी पाठ टेकायची जागा.

एका खोलीत दुमजली कॉट मांडलेल्या असतात. थोडं जास्त भाडं दिलं तर ठरावीक कॉट आपली. कमी दिलं तर 'हॉट बंक', म्हणजे जी रिकामी दिसेल ती पकडायची आणि लॉकरमधून आपली चादर काढून अंथरायची. गिरणगावात एकाच गाळ्यात दिवसपाळी आणि रात्रपाळीचे गडी आलटून पालटून झोपायचे, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथला गडी उठून दीड-दोनशे माणसं घेऊन आकाशात जातो.

आमच्या इमारतीतल्या अशाच एका फ्लॅटमध्ये येणारा वैमानिक लॉन्ड्रीत अधूनमधून भेटतो. त्याचं बिऱ्हाड टेनेसीत. बायकोची नोकरी तिथे, मुलांची शाळा तिथे, आणि तिथल्या घराच्या हप्त्यात क्वीन्समध्ये धड एक खोली मिळणार नाही. मी अगदी देशी सल्ला दिला, घराजवळची कंपनी का नाही धरत? तो हसला. या धंद्यात सगळं ज्येष्ठतेवर चालतं. कुठला बेस (म्हणजे नेमणुकीचा विमानतळ), कुठलं विमान, कुठली सुट्टी, सगळ्यासाठी 'बिड', म्हणजे आपली पसंती, लावायची, आणि आधी वाटून घेणार सिनियर मंडळी. कंपनी बदलली की यादीत पुन्हा तळाशी. म्हणून माणूस घर हलवत नाही, कंपनीही सोडत नाही, दोन्हींच्या मध्ये उडत राहतो. दुसऱ्याच्या विमानात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर कॉकपिटमधली घडीची जंपसीट. हा प्रवास ड्युटीत धरत नाहीत. कागदोपत्री तो त्याचा मोकळा वेळ!

हा मोकळा वेळ काय करू शकतो ते अमेरिकेने १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री पाहिलं. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोलगन एअरचं ३४०७ हे विमान उतरण्याच्या तयारीत असताना क्लॅरेन्स सेंटर गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. वेग कमी होऊन इशारा मिळाल्यावर कॅप्टनने करायला हवं त्याच्या नेमकं उलटं केलं, हे तपासात निघालेलं मुख्य कारण. पण कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं, आणि न्यूअर्कला त्याला राहायला जागा नव्हती. आदली रात्र त्याने विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती. सहवैमानिक मुलगी सिएटलजवळ राहायची. ती आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, मेम्फिसमार्गे, देश आडवा ओलांडून आली होती. तिला सर्दी झालेली. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात तिच्या जांभया आहेत, आणि आता आजारी म्हणून सांगितलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलात स्वतःच्या खर्चाने राहावं लागेल हा तिचा हिशोबही आहे. तिच्या तुटपुंज्या पगाराची पुढे सुनावणीत चर्चा झाली. न्यूअर्क बेसवरच्या कोलगनच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असे बाहेरगावहून येणारे होते, त्यातले २९ जण एक हजार मैलांहून लांबचे.

थकव्याचा नेमका किती वाटा, हे तपासयंत्रणेला ठरवता आलं नाही. मृतांच्या नातेवाइकांनी मात्र वॉशिंग्टनच्या खेपा घालून कायदा करून घेतला, आणि जानेवारी २०१४ पासून नवे नियम आले. ड्युटीआधी सलग १० तास विश्रांती, त्यात ८ तास झोपेची संधी. पहाटे कामावर येणाऱ्याला दुपारी येणाऱ्यापेक्षा कामाचे कमी तास. 'मी थकलोय' म्हणणाऱ्याला उडवायचं नाही. नियम चांगलेच आहेत. पण जंपसीटवरच्या रात्रीचं काय? ते ज्याचं त्याने बघायचं.

मालवाहू कंपन्यांना तर या नियमांतून सरळ वगळलं. ऑगस्ट २०१३ मध्ये बर्मिंगहॅम, अलाबामा इथे पहाटे यूपीएसचं विमान पडून दोन्ही वैमानिक गेले. निघण्यापूर्वी ते दोघं याच भेदभावाबद्दल बोलत होते. अर्थात त्यातल्या सहवैमानिकेने मिळालेली विश्रांतीची वेळ पुरेशी झोपेत घालवली नव्हती, असंही तपासात आलं. तेव्हा सगळं खापर वेळापत्रकावर फोडता येत नाही. भरदिवसा, फर्मानावर झोपणं कुणाला जमतं, हा वेगळा प्रश्न.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने विचारलं, "अगं, या पायलटांना झोपायला लागतं तरी किती?" तिला सगळं लिहून पाठवलं. भारतातल्या वैमानिकांसाठी नवे नियम आले आणि वैमानिक कमी पडले, म्हणून हा गोंधळ. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली, आणि हे जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झालं होतं. जादा माणसं घ्यायला कंपन्यांना मुदत भरपूर होती. मग गोंधळ झाल्यावर डीजीसीएने, म्हणजे विमानवाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, इंडिगोला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. ती निदान तात्पुरती. साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरता येणार नाही, हे कलम मात्र सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं. म्हणजे भाचीच्या लग्नासाठी हक्काची रजा टाका, आणि तीच तुमची विश्रांती म्हणून खात्यावर मांडली जाऊ शकते. लग्नघरात विश्रांती! यावर मावशीचं उत्तर लगेच आलं, आणि ते डीजीसीएला ऐकवण्यासारखं नव्हतं.