8 घमेली वाळू

सहावीला गुणोत्तर-प्रमाण काढलं की एक चूक ठरलेली, 2:3 आणि 4:5 सारखंच म्हणायचं. दोन्हीकडे दोन-दोन मिळवले की झालं. म्हणून यंदा पुस्तक बाजूला ठेवून फळ्यावर लिहिलं, विटांच्या बांधकामाला सिमेंट आणि वाळू 1:6, सिमेंट 3 घमेली तर वाळू किती? अर्ध्या वर्गाचं उत्तर 8. एक मुलगा तर उभा राहून भांडायलाच लागला, मॅडम सिमेंट 2 ने वाढलं मग वाळूपण 2 नेच वाढणार ना. मी त्याला जरा जोरातच खाली बसवलं.

तेवढ्यात गवंड्याची मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "आठच वाळू घातली तर सिमेंट फुकट जाईल की, मालक ओरडेल. एकाला सहा, मग तिनाला अठरा." वर प्लॅस्टरला 1:4 घेतात हेपण तिनेच सांगितलं. मला इतका आनंद झाला! गाइडवाले 'क्ष मानू' पासून सुरू करतात, हिचं काम घमेल्यावर भागलं.

त्याच उत्साहात पुढचं दिलं. आई आणि मुलीच्या वयाचं गुणोत्तर 4:1, मुलगी 8 वर्षांची, 4 वर्षांनी गुणोत्तर किती? तिने झटकन लिहिलं, मुलगी 12, आई 48, 4:1 च. आणि मघाशी बसवलेला तो म्हणाला, "चार वर्षांत आई सोळा वर्षांनी कशी वाढेल? 36 आणि 12, म्हणजे 3:1."

बरोबर होतं. दोन्हीकडे सारखं मिळवायचं, हे त्याचं तेच, ज्याच्यासाठी मी पंधरा मिनिटांपूर्वी त्याला गप्प केलं होतं.

ती पार गोंधळली. "मॅडम, कुठे मिळवायचं न कुठे गुणायचं हे ओळखायचं कसं?" मी म्हटलं, उदाहरण नीट वाच. हे काय उत्तर झालं? पण गाइडमध्ये वयाची उदाहरणं वेगळ्या प्रकारात छापलेली असतात, मुलं वरचं शीर्षक बघून रीत लावतात, आणि पेपरात शीर्षक नसतं. प्रशिक्षणातपण यावर कोणी बोलत नाही, तिथे हजेरी आणि फोटो महत्त्वाचे.

रात्री झोपेपर्यंत तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, सिमेंटचं एक घमेलं वाढलं तर वाळूची किती वाढतात? सहा. मुलीचं एक वर्ष वाढलं तर आईची किती? ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "एकच. वर्ष दोघींना सारखंच मिळतं."

त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग त्याला पोषण आहाराचं विचारलं, पाचवीपर्यंत एका मुलाला तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20, आपल्याला तांदूळ 150, तर डाळ किती? आधी 70 म्हणाला. मग थांबला, "नाही नाही, एवढी डाळ ताटात कधी येते," आणि खोडून 30 केलं.