लेकीचं कॉलेज निवडताना खेळांचा जमाखर्च तपासला, तो असा

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पोहते. डिव्हिजन एकपासून तीनपर्यंतच्या (कॉलेजच्या खेळांच्या या तीन श्रेण्या, पहिली सर्वांत वरची) कॉलेजांच्या कोचची पत्रं यायला लागली, तेव्हा कोण किती स्कॉलरशिप देतंय यापेक्षा मला दुसरीच काळजी होती. ज्या संघात ती चार वर्षं काढणार, तो कुणाच्या पैशावर चालतो? पैसा आटला की पोहण्यासारख्या, तिकिटं न खपणाऱ्या खेळांवर आधी कुऱ्हाड पडते.

सुरुवात केली अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळापासून. १९९४च्या कायद्यामुळे, सरकारी विद्यार्थी-अर्थसाहाय्य घेणाऱ्या आणि मुलंमुली दोघं शिकत असलेल्या कॉलेजांना खेळांचा जमाखर्च दरवर्षी जाहीर करावा लागतो. खासगी कॉलेजंही त्यात आली. नाव टाकलं की खेळाडूंची संख्या, कोचचे सरासरी पगार, खेळनिहाय खर्च, सगळं समोर येतं. पण खाली एकूण जमा आणि एकूण खर्च पुष्कळ ठिकाणी डॉलरपर्यंत तंतोतंत सारखे! तूट भरायला कॉलेज स्वतः घालतं ती रक्कमही जमेतच धरलेली असते, म्हणून हे जुळतं. कॉलेजचं खेळांचं खातं स्वतःच्या कमाईवर उभं आहे की नाही, ते इथे कळत नाही.

ते कळतं नाइट-न्यूहाउस या कॉलेज-खेळांच्या पैशांची माहिती देणाऱ्या डेटाबेसमध्ये. डिव्हिजन एकमधल्या सरकारी विद्यापीठांची जमा तिथे फोडून दिलेली आहे: तिकिटं, देणग्या, टीव्हीच्या पैशातला वाटा, विद्यार्थ्यांकडून घेतलेली फी, विद्यापीठाची मदत. ओहायो स्टेट किंवा टेक्सससारख्यांची वर्षाची जमा २५ कोटी डॉलरच्या वर, आणि ती मुख्यतः फुटबॉल, देणगीदार आणि टीव्हीमुळे. एक पायरी खाली उतरलं की फी आणि विद्यापीठाच्या मदतीचे रकाने फुगत जातात. व्हर्जिनिया राज्याने २०१५ साली खेळांच्या जमेतल्या या दोन्हींच्या वाट्यावर कायद्याने मर्यादा घातली, तीच पाहा: सर्वांत श्रीमंत कॉन्फरन्समधल्यांना (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) २० टक्के, वरच्या फुटबॉल गटातल्या बाकीच्यांना ५५, त्याखालच्या फुटबॉल गटाला ७० आणि फुटबॉल नसलेल्यांना ७८. म्हणजे तिथे पोहणाऱ्या मुलीचा खर्च वर्गात शेजारी बसणारी, कधी सामना न पाहिलेली मुलगीही भरते. मला हे खटकलं, अजूनही खटकतं.

डिव्हिजन तीनचा हिशोब निराळाच. तिथे खेळाची स्कॉलरशिप मुळी नाहीच आणि एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेच्या, उत्पन्नातला जेमतेम ३.१८ टक्के वाटा त्या अख्ख्या डिव्हिजनला मिळतो. पण संघात यायचं म्हणून जी मुलं त्या कॉलेजात प्रवेश घेतात, त्यांची शिक्षणाची फी कॉलेजच्या तिजोरीत जाते. खेळांच्या जमेत ती दिसत नाही. त्यामुळे नुसता खर्चाचा आकडा डिव्हिजन एकच्या शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. मी दर खेळाडूमागे खर्च काढला आणि तुलना त्या त्या डिव्हिजनमध्येच केली.

जुलै २०२५पासून तर गणितच बदललंय. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीनुसार डिव्हिजन एकमधली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ही रक्कम कुठल्या खेळाच्या वाट्यातून निघणार, हे जुन्या तक्त्यांत सापडणार नाही.

म्हणून लेक आता प्रत्येक कोचला फोनवर दोन प्रश्न विचारते: पोहण्याचं बजेट कुठून येतं, आणि गेल्या पाच वर्षांत कॉलेजने कुठला संघ बंद केला? आकड्यांसकट उत्तर देणाऱ्यांची नावं यादीत वर गेली आहेत. त्यांत डिव्हिजन तीनची जास्त आहेत.